कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक्सपोजर : आतापर्यंतची नोंद

कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे दुपार कलली की दर्शनी कमानीतून येणारा उजेड मधल्या फरशीवर उतरतो आणि त्याच वेळी खांबांच्या रांगांमागील अरुंद मार्ग जवळजवळ काळोखात राहतात. या प्रकाशासाठी मी इल्फर्डच्या एचपी ५ प्लस या कृष्णधवल फिल्मवर जी पद्धत बसवत आलो आहे, ती आता भरवशाची वाटू लागली आहे.

उजेडाची सरासरी काढणारे मीटर येथे उपयोगाचे नाही, कारण चौकटीत कमानीचा किती भाग येतो त्यावर त्याचा आकडा बदलत राहतो. खांबामागच्या ज्या दगडावर छिन्नीच्या खुणा दिसायलाच हव्यात, तो आधी ठरवून मी एक अंशाच्या, म्हणजे अगदी लहानसाच भाग मोजणाऱ्या, स्पॉट मीटरने मोजतो. फिल्मची संवेदनशीलता (आयएसओ) २०० धरून एफ ८ या छिद्रमापाला तेथे ८ सेकंद मिळाले. मीटर समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी धरून चालते. हा दगड मात्र गडदच राहायला हवा, म्हणून दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा) कमी करून, २ सेकंद धरून, मी तो तिसऱ्या झोनमध्ये ठेवला; झोन म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या, त्यांत मध्यम करडी पाचवी. अर्ध्या सेकंदापलीकडे ही फिल्म मंदावते, त्यामुळे प्रत्यक्षात अडीच सेकंद दिले. उजळ फरशीचे मोजमाप १/८ सेकंद आले, म्हणजे ती नवव्या झोनमध्ये गेली, आणि तेथे पोत जवळपास उरत नाही.

ती आठव्या झोनपर्यंत खाली आणण्याचे काम डेव्हलपिंगचे. छायांचा भाग लवकर घडून थांबतो, उजळ भाग मात्र वेळेबरोबर दाट होत जातो. म्हणून आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (१+१, म्हणजे तितकेच पाणी मिसळून) २० अंशांना शिफारस केलेल्या १३ मिनिटांऐवजी मी साडेदहा मिनिटे दिली. वेळ कमी केल्याने छायाही थोड्या पातळ होतात, आणि ४०० ची फिल्म २०० वर धरण्याचे कारण तेच आहे. उन्हाळ्यात नळाचे पाणी तापलेले असते, तेव्हा टँकभोवती बर्फाचे पाणी ठेवावेच लागते. पस्तीस मिलिमीटरमध्ये संपूर्ण रोलला एकच वेळ मिळतो, म्हणून या दालनासाठी मी स्वतंत्र, आखूड रोल भरतो.

छतातील मूळ लाकडी फासळ्या या निगेटिव्हमध्ये सर्वांत सुरेख उतरल्या आहेत, आणि दुसऱ्या ग्रेडच्या (मध्यम कॉन्ट्रास्टच्या) कागदावर त्या विशेष खटपटीशिवाय छापल्या जातात. कमानीबाहेरचे आकाश कोरे पांढरे जाते. ते मला मान्य आहे. पुढच्या रोलमध्ये स्तूपावर थेट ऊन पडेल त्या वेळेसाठी साडेनऊ मिनिटे देऊन पाहणार आहे.