डोळा मोठा केला म्हणून पात्र लहान होत नाही

मालवणच्या बंदरावरची तीन पात्रं रेखाटायला घ्या. सहा वर्षांचा झील म्हणजे मुलगा, चाळिशीतला तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख आणि मासे विकणारी आजी. तिघांचीही डोकी 10 सेंटिमीटर उंचीची काढा.

तांडेलाचे डोळे बरोबर मध्यावर, हनुवटीपासून 5 सेंटिमीटरवर येतात. चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे मावतील, एवढा एक डोळा. झिलाचे डोळे 4 सेंटिमीटरवर उतरवा आणि रुंदीत साडेतीन-चारच मावू द्या. बहुतेक चित्रं इथेच फसतात. डोळे मोठे होतात, पण मध्यरेषेवरच राहतात. मग मूल दिसतच नाही, दिसतो तो डोळे वटारलेला बाप्या.

जन्मतः नेत्रगोल साधारण 16-17 मिलिमीटरचा असतो, मोठ्या माणसाचा 24. म्हणजे वाढ जेमतेम दीडपट, आणि तीही बरीचशी पहिल्या दोन-तीन वर्षांत. जबडा आणि नाक मात्र पुढे कितीतरी वर्षं वाढत राहतात. म्हणून डोळ्याआधी जबडा ठरवावा. पिंगुळीच्या चित्रकथी या लोकचित्रशैलीतले राजे बघा, टपोऱ्या डोळ्यांचे असूनही पोरसवदा वाटत नाहीत.

आजीचा डोळा आक्रसत नाही, वरची पापणी उतरते. बुबुळ तेवढंच ठेवून त्याचा वरचा तिसरा भाग पापणीखाली झाका. बुबुळही बारीक केलंत तर प्रेमळ आजी कावेबाज दिसू लागते.

स्वभावही आकारापेक्षा पापणीतच जास्त असतो. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की पात्र भेदरलेलं. खालची पापणी किंचित उचलून कडेला दोन सुरकुत्या दिल्या की मायाळू. बारीक डोळे म्हणजे खलनायक, ही सवय सोडायला हवी. पाण्यावरून येणारी तिरीप वर्षानुवर्षं झेलणारा तांडेल डोळे बारीकच करणार.

थ्रीडीत मोठे डोळे वेगळंच दुखणं आणतात. दोन गोल डोक्याच्या आत एकमेकांत घुसतात. गोल चपटा केला तर नजर फिरताना त्याची कड पापणीतून बाहेर येते. त्यासाठी गोल गोलच ठेवा, आधी फिरवा आणि चपटेपणा वरून लॅटिसने, म्हणजे आकार वाकवणाऱ्या जाळीने द्या.

शेवटी चेहरा मोबाइलवर 1 सेंटिमीटर एवढा करून बघा. पापणीची रेघ बुबुळात मिसळली, तर रेघ जाड करा, डोळा नको.