बावन्न सेंटीमीटरचं भूत

दसऱ्यानंतर कारखाना उघडला त्याच सकाळी चाकणहून फोन आला. "मॅडम, तुमचा कॅमेरा सेलमध्ये कुत्रं दाखवतोय. आत कुत्रं नाहीये." रोबो सारखा थांबत होता, ऑपरेटर रीसेट दाबून वैतागला होता आणि डिस्पॅच बोंबलत होतं.

हा रोबो कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, उचलून सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनमध्ये लावतो. भोवती कुंपण आहे, त्याच्या आतली जागा म्हणजे सेल. दाराला इंटरलॉक आहे. दार उघडलं की रोबो थांबतो. आमच्या कॅमेऱ्यांची जोडी वेगळ्याच भीतीपोटी बसवलेली आहे. पडलेला जॉब, म्हणजे तोच भाग, काढायला कुणी आत शिरलं आणि बाहेरच्यानं न बघता दार ओढून रीसेट दाबलं, तर? लाइट कर्टन, म्हणजे दारातला प्रकाशकिरणांचा पडदा, उंबरा ओलांडणाऱ्याला पकडतो, आत खाली बसलेला त्याला दिसत नाही. म्हणून जमिनीपासून चार मीटरवर, एकमेकांपासून २० सेंमी अंतरानं, दोन कॅमेरे खाली बघत असतात.

एकच बिंदू दोन्ही चित्रांत थोडा वेगळ्या जागी उमटतो. तो फरक म्हणजे डिस्पॅरिटी. वस्तू जितकी कॅमेऱ्याजवळ, तितका फरक मोठा. आमच्या मांडणीत जमिनीचा फरक ५० पिक्सेल, उभ्या माणसाच्या डोक्याचा ८७ च्या आसपास. जमिनीपेक्षा वर जे काही भरेल ते घुसखोर. सावली जमिनीवरच पडते, तिचाही फरक ५०च येतो, म्हणून ती आपोआप गाळली जाते. एकाच कॅमेऱ्यावर भागवलं असतं, तर पत्र्यातल्या पारदर्शक शीटवरून ढग सरकला तरी लाइन थांबली असती.

पोहोचले तेव्हा पहिला संशय झेंडूवर होता. खंडेनवमीच्या पूजेची माळ कुंपणाच्या वरच्या पाइपवरून आत लोंबत होती. ती काढली. कुत्रं तिथेच.

मग सल्ले सुरू झाले. मेंटेनन्सवाले म्हणाले, "साठ सेंमीच्या खालचं सगळं सोडून द्या ना." म्हणजे आडवा झालेला किंवा रांगत रोबोखाली गेलेला माणूसही सोडून द्यायचा, आणि कॅमेरे तर त्याच्यासाठीच लावलेत. शिफ्ट इन्चार्जनी त्यातल्या त्यात सभ्य तोडगा काढला: "दोन सेकंद सलग दिसलं तरच थांबवा." सुरक्षा-अंतराच्या आयएसओ १३८५५ या मानकात चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात. दोन सेकंदांत तो जवळजवळ सव्वातीन मीटर आत, म्हणजे थेट रोबोच्या पंज्याखाली. तसं सांगितल्यावर ते गप्प झाले, पण घड्याळाकडे बघायचे थांबले नाहीत.

मी लॉग उघडला. प्रत्येक थांब्याला घुसखोराची उंची नोंदलेली असते. सकाळपासूनच्या सगळ्या उंच्या एका ओळीत मांडल्या आणि खुर्चीत सरसावून बसले. बहुतेक नोंदी ५२ सेंमीच्या आगेमागे, थोड्या ९२ च्या. मध्ये काहीच नाही. खरं कुत्रं बसतं, उठतं, मान वर करतं. त्याची उंची मधल्या आकड्यांतूनही जाते. हे जनावर ५२ वरून थेट ९२ वर उडी मारत होतं.

सेलची जमीन म्हणजे लोखंडी ग्रेटिंग, पट्ट्यांची जाळी आहे, मशीन थंड ठेवणारं कूलंट खाली निथळून जावं म्हणून. पट्ट्या ३० मिलिमीटर अंतरावर. चार मीटरवरून ते अंतर आमच्या चित्रात साडेसात पिक्सेल भरतं. डाव्या चित्रातली एक पट्टी उजव्या चित्रातल्या शेजारच्या पट्टीशी जुळली, तर फरक ५० ऐवजी साडेसत्तावन होतो आणि ती जागा जमिनीच्या ५२ सेंमी वर असल्यासारखी दिसते. दोन पट्ट्या चुकल्या तर ६५ पिक्सेल, म्हणजे ९२ सेंमी. हिशेब कागदावर केला आणि ऑपरेटरदादांना दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे कुत्रं जाळीचंच आहे."

कुठल्या फरकाला दोन चित्रं किती जुळतात, तो जुळणीचा आलेखही काढून बघितला; दरी जितकी खोल, तितकी जुळणी चांगली. एरवी त्यात एकच खोल दरी असते, ती सापडली की काम झालं. इथे दर साडेसात पिक्सेलवर एक, सगळ्या सारख्याच खोल. सॉफ्टवेअरनं कुठली निवडायची? उलट्या बाजूला चुकलं तर जागा जमिनीखाली जाते, आणि जमिनीखालचं आम्ही मोजतच नाही. त्या चुका कुणाला दिसल्याही नसत्या. डोळेही असेच फसतात. खिडकीच्या बारीक जाळीसमोर उभं राहून डोळे किंचित तिरळे करा, जाळी पुढे तरंगताना दिसेल. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकातच भिंतीवरच्या नक्षीच्या कागदात हे टिपलं होतं.

पण मग इतके महिने हे का झालं नाही? याचं उत्तर पूजेत होतं. तोवर ग्रेटिंग कळकट होतं: तेलाचे ओघळ, बुटांनी उडालेला रंग, कोपऱ्यात अडकलेली धातूची चिप. प्रत्येक चौकोनाची ओळख वेगळी, त्यामुळे जुळणी चुकत नव्हती. दसऱ्यासाठी पोरांनी ते सोड्यानं घासून काढलं आणि वर एकसारखा करडा रंग मारला. पट्टी न् पट्टी जुळी झाली.

उपाय ऐकून इन्चार्जचा चेहरा पडला. "आत्ताच रंगवलंय हो!" तरी पेंटरला बोलावलं. दोन रंगांचे स्प्रे दिले आणि सांगितलं, वेडेवाकडे ठिपके मार, एकही दुसऱ्यासारखा नको. त्यानं पहिल्यांदा सवयीनं ओळीत मारले, ते पुसायला लावले. दुपारच्या चहाला जमीन बिबट्यासारखी झाली होती. मग आत खोकं ठेवून, पाइप आडवा टाकून उंच्या तपासल्या आणि शेवटी दार बंद करून, रोबोची वीज तोडून स्वतः आत उकिडवी बसले. कॅमेऱ्यानं मला धरलं. भूत मात्र परत आलं नाही.

ठिपके बुटांखाली झिजणार, हे उघड आहे. सेफ्टी ऑफिसरनी ते आठवड्याच्या तपासणीत घातलेत. पक्का इलाज म्हणजे पट्ट्यांना वेगळ्या दिशेनं बघणारा तिसरा कॅमेरा. पिल्झ या जर्मन कंपनीच्या सेफ्टीआय या सुरक्षा-कॅमेरा यंत्रणेत तीन कॅमेरे होते ते काही उगाच नाही. आमचं कोटेशन परचेसकडे गेलं आहे. त्यांनी विचारलंय, दोन कॅमेऱ्यांत काम होतंय, तर तिसरा कशाला?