आठवड्याची नोंद : उडालेला किरमिजी

या आठवड्यात हाताला काम कमी आणि डोळ्यांना जास्त पडलं. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या दिवाळी अंकांतली सुटी रंगीत पानं मिळाली, आणि पाठोपाठ आमच्या गल्लीतल्या सलूनमधून कॅलेंडरचं एक फ्रेम केलेलं चित्र. लोकलमधली स्केचेस चालूच आहेत, पण त्यांत दाखवण्यासारखं फारसं नाही. गर्दीच्या वेळी पाठी आणि पिशव्याच काढायला मिळतात.

पानांमध्ये एक मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचं आहे. म्हणजे १९४५ मध्ये ज्यांनी ‘दीपावली’ हा अंक काढला, ते चित्रकार दलाल. कोपऱ्यात सही स्वच्छ दिसते. घरी आल्याआल्या दहापटीच्या भिंगाखाली धरलं. तिरंगी ब्लॉकची छपाई (पिवळा, लाल, निळा, प्रत्येकाचा ठसा वेगळा) ज्यांनी भिंगातून पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहाच. प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांची ओळ वेगळ्या कोनात बसवलेली असते, म्हणून ते बारीक फुलांसारखे जुळतात. बाईच्या गालावर नुसते पिवळे आणि लाल ठिपके. निळा येतो तो थेट हनुवटीखाली, सावलीपुरता. तिचे ओठ मात्र केसभर बाहेर सरकलेत, लाल ब्लॉकचं रजिस्टर, म्हणजे बाकीच्या ठशांवर नेमकं बसणं, हललंय. मला ते फार आवडलं. हे पान गुळगुळीत आर्ट पेपरवर आहे म्हणून ठिपके इतके बारीक. अशा कागदाला इंचाला १२०-१३३ ओळींची ठिपक्यांची जाळी चालते, वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर ६५ च्या आसपास ठेवावी लागायची. जुन्या अंकांत रंगीत चित्रं वेगळ्या कागदावर छापून मध्ये चिकटवलेली असत, त्याचं कारण हेच.

आता सलूनचं चित्र. दुकानाचं काम काढलंय, सगळं सामान बाहेर. मालक म्हणाले, “ताई, घेऊन जा, नाहीतर भंगारातच जाणार आहे.” लक्ष्मीचं चित्र, कमळासकट निळसर. साडी निळसर राखाडी, कमळही तसंच, कातडी मेणचट. इंटरनेटवर ज्याला ‘विंटेज पॅलेट’ म्हणून सगळे डोक्यावर घेतात, अगदी तेच रंग.

फ्रेम उघडली तेव्हा पट्टीखाली दडलेली बोटाच्या पेराएवढी कड दिसली आणि मी मटकन खालीच बसले. तिथला साडीचा काठ झणझणीत किरमिजी! छपाईच्या जुन्या शाईत लाल आणि पिवळा उजेडाला लवकर मान टाकतात, निळा आणि काळा टिकून राहतात. वर्षानुवर्षं ट्यूबलाइट आणि दारातलं ऊन खाल्ल्यावर निळाच उरणार. म्हणजे तो मवाळ, उदास रंगमेळ चित्रकाराने योजलेलाच नव्हता. त्याने भडक रंगवलं होतं, गिऱ्हाइकालाही भडकच हवं होतं. आपण उडालेल्या रंगाला त्याची अभिरुची समजून बसतो आणि मुद्दाम धुरकट रंग कालवतो. माझं स्पष्ट मत आहे की ही त्या माणसांच्या कामाची थट्टा आहे.

(फ्रेम उघडताना जपा. पावसाळ्यात चित्र काचेला चिकटतं. ओढू नका, तेवढा भाग काचेसकट राहू द्या. माझं सुटं होतं. मागची प्लायवूडची फळी आधी काढून टाकली. तिच्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडतो. सेलोटेप आणि लॅमिनेशनचं नावही काढू नका.)

रविवारी लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात स्केचिंगला गेले होते, तिथे भडक रंगाचा हाच विषय वेगळ्या तोंडाने समोर आला. कारागीर स्प्रेगनने मूर्तीच्या पोटाच्या वळीत आणि बोटांच्या बेचक्यांत गडद गुलाबी मारत होता. कडा कुठे दिसतच नाही, रंग विरत जातो. देवादिकांची चित्रं काढणाऱ्या रघुवीर मुळगांवकरांच्या देवांची कांती अशीच, तेही स्प्रेच वापरत. डोळ्यांची आखणी मात्र ब्रशनेच, आणि ती करणारा माणूस वेगळा. त्याच्या हाताची स्केचेस या आठवड्यातली सगळ्यात बरी. मनगट टेकवलेलं, करंगळी मूर्तीच्या गालावर.

मग संध्याकाळी एक खेळ सुरू केला. दलालांच्या त्या मुखपृष्ठातला फक्त चेहरा, तीनच रंगांत, छपाईच्या क्रमाने : आधी सगळा पिवळा, त्यावर लाल, शेवटी निळा. काळा अजिबात नाही. पोस्टर कलर अपारदर्शक, तो खालचा थर झाकून टाकतो, म्हणून जलरंग घेतले. कागद जाड, ३०० जीएसएमचा, कॉटनचा. पिवळ्याच्या हातात चेहरा अगदी कावीळ झाल्यासारखा दिसतो. लाल चढला की जिवंत होतो. निळ्याला घाबरून वागावं लागतं. प्रशियन ब्लू कागदात मुरला की निघत नाही, आणि खाली लाल कमी पडला असेल तर सावली हिरवी होते. केस तिन्ही रंगांच्या दाट हातांनी जवळजवळ काळे होतात, आणि ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी ऊबदार. या हवेत एक थर वाळायला संध्याकाळ जाते. हेअर ड्रायर लांबून आणि हलता धरला तर चालतो.

लाल निवडताना ट्यूबवरचा पिगमेंट कोड, म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक, वाचा. पीआर ८३ म्हणजे अलिझरिन क्रिमझन, तो उजेडात उडतो. तो वापरला तर आपलंही चित्र त्या लक्ष्मीच्या वाटेने जाईल. मी उजेडात टिकणारा पीव्ही १९ चा गुलाबी घेतला. छटा थोडी थंड आहे, म्हणून पिवळा जरा जास्त घालते.

पुढच्या आठवड्यात लक्ष्मीचा काठ, त्या दडलेल्या कडेवरून रंग जुळवून. लाल तिथे भरवशाचा आहे, पिवळ्याचा अंदाज अवघड, कारण कागदच पिवळटलाय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या काळातल्या अंकांतलं रंगीत पान पुस्तकात मिटून, अंधारात राहिलेलं असेल तर फोटो टाका. खिडकीच्या उजेडात काढा आणि शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे रंग ताडून बघता येतील.