घटसर्पाची लस आणि एक नवरंग

मे महिन्यात आमच्या पशुसंवर्धन खात्याला दुसऱ्या कशाची फुरसत नसते. पाऊस पडायच्या आत गावोगावच्या गुरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस टोचून व्हायला हवी. एकदा मृग लागला की शेतकरी पेरणीत असतो, तो गुरं घेऊन लस टोचायच्या खोड्यापर्यंत येत नाही. रावेर तालुक्यात हे काम पहाटे सुरू करून दहाच्या आत उरकावं लागतं. त्यानंतर पारा ४५ कडे निघतो, आणि लसीची बर्फाची पेटी सांभाळावी की उधळलेला गोऱ्हा, हेच कळेनासं होतं.

रोहिणी लागायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आदल्या रात्री वादळ झालं. पाऊस नावालाच, वारा मात्र असा की सकाळी दवाखान्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मृगबागेतली, म्हणजे गेल्या मृगात लावलेली, केळी घडांसकट आडवी झालेली. निसवलेली, महिन्याभरात कापणीला आली असती अशी झाडं. गावात लसीकरण ठेवलं होतं, पण कोण येणार? सगळे नुकसान मोजायला येणाऱ्या तलाठ्याची वाट बघत बांधावर उभे. वीज रात्रीपासून गेलेली. मी आणि आमचे व्रणोपचारक मामा, दोघांनी मिळून फ्रीजमधली लस बर्फात भरली आणि येईल ते जनावर बघत बसलो. गोठ्याचा पत्रा लागून फाटलेली म्हैस आली, तिला टाके घातले. दोन पोरं पिशवीत बगळे घेऊन आली, लिंबाखाली पडलेले. ते मेलेलेच होते.

नऊच्या सुमाराला एक आप्पा आले. त्यांची बाग मला माहीत होती, रात्रीत निम्मी झोपली असणार. पण ते बोलले वेगळंच. हातात चपलांचं खोकं, वर सुतळी.

“ताई, पोपटाचं पिलू हाय का काय बघा बरं. काचेखाली पडेल होतं. जित्तं हाय, पन उडत नई. नातू म्हने पिंजरा आनू, म्या म्हनलं आधी डॉक्टरले दाखवू.”

झाकण जरासं उचललं. आत नवरंग.

मी पक्ष्यांची डॉक्टर नाही. माझं शिक्षण गाई-म्हशींवर, फार तर कोंबड्यांवर झालंय. पण खोक्याच्या कोपऱ्यात डोळे अर्धे मिटून बसलेला तो पक्षी ओळखायला पुस्तक लागत नाही. पाठ हिरवी, खांद्यावर फिकट निळ्याचा चकचकीत पट्टा, डोळ्यावरून मानेपर्यंत जाड काळी रेघ, तिच्यावर पांढरी भुवई, गळा पांढरा, पोट मातकट पिवळं आणि शेपटीखाली एकदम लालभडक. शेपूट इतकं आखूड की कोणी कापल्यासारखं वाटावं. आप्पांना पिलू वाटलं ते त्यामुळेच.

आप्पांच्या नव्या बंगल्याला समोरून आरशासारखी निळी काच आहे. तिच्यात समोरची आंब्याची झाडं जशीच्या तशी दिसतात. पक्ष्याला ती झाडंच वाटतात. त्यात रात्रभर उडून दमलेला, वादळाने खाली उतरवलेला पक्षी असला तर विचारायलाच नको.

नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडे निघतो. आमच्या सातपुड्यात तो पावसाळ्यात घरटं करतो, कारण पहिल्या सरींनंतर पाचोळ्याखाली किडे आणि गांडुळं वर येतात आणि पिलांचं पोट त्यावरच भरतं. प्रवास रात्रीचा. म्हणून आपल्या डोक्यावरून किती नवरंग जातात याचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो असा, कोणी खाली पडला की. दरवर्षी याच सुमारास महाराष्ट्रात कुठे ना कुठे गच्चीत, जिन्यात, काचेखाली नवरंग सापडतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते.

मामांनी दार लावून घेतलं, पंखा नव्हताच. मी पक्षी हातात घेतला. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पाठ तळव्याला, बोटं सैल. पक्ष्याची छाती दाबली तर तो गुदमरतो, त्याला श्वास घ्यायला छाती हलवावीच लागते. दोन्ही पंख एकेक करून उघडले, हाडं सरळ. उजव्या डोळ्याची बाहुली प्रकाशाला जरा उशिरा आवळत होती, म्हणजे डोक्याला मार. चोचीत रक्त नाही. मग छातीवरच्या पिसांवर हळूच फुंकर मारली. पिसं बाजूला झाली की खालची कातडी इतकी पातळ असते की आतलं दिसतं. गळ्याखाली, दोन हाडांच्या बेचक्यात, पिवळसर चरबीची बारीक रेघ उरली होती. लांब उडणारे पक्षी निघायच्या आधी ही शिदोरी बांधून घेतात. याची संपत आली होती, संपली नव्हती. क्षारमिश्रणाच्या पुड्या तोलायचा छोटा काटा आहे आमच्याकडे. कागदाच्या पुंगळीत घालून तोलला, ५१ ग्रॅम भरला. नवरंगाला हे वजन ठीक आहे.

“सलाईन लावायचं का?” मामांनी विचारलं. सवयीने.

काही लावायचं नव्हतं. काचेला धडकलेल्या पक्ष्याला पहिलं औषध म्हणजे अंधार आणि शांतता. लोक मायेने चोच उघडून पाणी ओततात आणि तिथेच घोटाळा होतो. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. मी खोक्याला भोकं पाडली, तळाशी जुन्या धोतराचा तुकडा घातला आणि खोकं मागच्या दगडी भिंतीच्या कोठारात ठेवलं. दाराला बाहेरून ओलं पोतं. दवाखान्यात त्या दिवशी तेवढी एकच जागा थंड होती.

वनविभागाला कळवणं भागच होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार असा पक्षी घरात ठेवता येत नाही, आणि डॉक्टर झाले तरी मीही तो परस्पर ठेवून घेऊ शकत नाही. १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. तासाभरात वनरक्षकाचाच फोन आला. तो म्हणाला, संध्याकाळी येतो, दुपारी बाहेर काढू नका. समजूतदार माणूस.

वनरक्षकाच्या आधी पोचला स्थानिक वार्ताहर. त्याने मथळा ठरवूनच आणला होता, ‘दुर्मीळ विदेशी पक्षी जखमी’. फोटो हवा होता, आप्पांच्या हातावर बसलेला, फ्लॅश मारून. मी नाही म्हटलं. मग त्याला विदेशी कसा नाही आणि दुर्मीळही कसा नाही, हे समजावत बसले. त्याचा चेहरा पडला. माझाही स्वर चढला असेल, उकाडा होता. पण खरंच, आपल्याला ज्याचं नाव माहीत नाही तो प्रत्येक पक्षी विदेशी कसा होतो? चातक येत्या पंधरवड्यात आफ्रिकेतून येईल आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालेल, त्याला कोणी विदेशी म्हणत नाही. तो आपल्या कवितेत आहे ना!

दुर्मीळ काय असतं ते खानदेशाने पाहिलंय. रानपिंगळ्याची, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाची, १८८४ नंतर खात्रीची नोंदच नव्हती. त्याचे जुने नमुने गोळा करणाऱ्यांत इथेच नोकरीला असलेला डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादीही छापली होती. पक्षी नामशेष झाला असं धरून चालले होते लोक. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ, भर दिवसा झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. वार्ताहराला ही गोष्ट जास्त आवडली. त्याने ती लिहून घेतली आणि शेवटी फोटो आप्पांच्या झोपलेल्या केळीचा काढला, जो काढायलाच हवा होता.

दुपारी तीनला कोठारातून खरखर ऐकू आली. आप्पांचा नातू तेव्हाच घरून डबा घेऊन आला होता. त्यांच्या गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळं, ओल्या मातीसकट. पिंजरा राहिला, पण पोराने काम नेमकं केलं. पाच-सहा गांडुळं आणि बाटलीच्या झाकणात पाणी आत सरकवलं. अर्ध्या तासाने बघते तर गांडुळं गायब आणि पक्षी दोन उंच पायांवर ताठ उभा. आता डोळे पूर्ण उघडे, मी झाकण उचलताच मान खाली घालून कोपऱ्यात दबला. हे लक्षण चांगलं. जंगली पक्षी माणसाला घाबरला नाही तर मला काळजी वाटते.

वनरक्षक पाचला आला. आधी कोठारातच सोडून बघितला, तो सरळ उडून कपाटावर बसला, तोल गेला नाही. पुन्हा धरायला मात्र मामांना स्टुलावर चढून चांगलंच नाचावं लागलं. ऊन कलल्यावर पाल गावाच्या रस्त्याने निघालो, आप्पाही जीपमध्ये. तलाठी बागेत येऊन गेले का, असं मी वाटेत विचारलं. म्हणाले, “आले, मोजून गेले. पैसे कवा भेटतील ते देव जाने.”

सुकी नदीच्या अलीकडे, सागाच्या पाचोळ्यात, खोकं आडवं करून आम्ही मागे सरलो. तो लगेच बाहेर आला नाही. आला तो टुणटुण उड्या मारत, मग एकदम जमिनीलगत उडाला, पंखातले पांढरे ठिपके चमकले आणि करवंदीच्या जाळीत शिरला. वनरक्षकाने वहीत वेळ आणि जागा लिहिली, माझी सही घेतली.

परतताना आप्पांनी काचेचं काय करायचं ते विचारलं. मी सांगितलं, आतून पडदा लावून उपयोग नाही, प्रतिबिंब बाहेरच्या अंगाला दिसतं. बाहेरून खुणा करा, ठिपके किंवा पट्ट्या, दोन-दोन इंचांवर, नाहीतर पक्षी मोकळ्या जागेतून जायला बघतो. आणि या दिवसांत रात्री अंगणातले मोठे दिवे बंद ठेवा.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे गुरांना लस टोचायला गेले, तर निळ्या काचेवर चुन्याचे ओघळ. नातवाने पिचकारी मारून ठेवली होती. मुलगा वैतागलेला, एवढ्या महागाच्या काचेचं वाटोळं केलं म्हणून. आप्पा खाटेवर बसून म्हणाले, “पावसानं धुऊन जाईल रे. तवा मारू परत.”