पाळणाघराची पावती कुठल्या हेडखाली लावायची?

परवा कंटिन्जन्सीची, म्हणजे फेलोशिपसोबत संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेची, बिलं लावत बसले होते. पुस्तकांची दोन, झेरॉक्सची सात-आठ, मुंबईच्या पुराभिलेखागारात गेले होते तेव्हाची रेल्वेची तिकिटं, आणि त्या गठ्ठ्यात मध्येच पाळणाघराची पावती निघाली. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंच्या तिरक्या अक्षरात, ‘ऑगस्ट महिना ९,००० रु., उशीर ३ दिवस १५० रु.’ ती बाजूला काढली, कारण ती कुठल्याच हेडखाली, म्हणजे खर्चाच्या मंजूर प्रकारात, लागत नाही. पण खरं सांगू का, त्या महिन्यात माझं जे काही संशोधन झालं ते त्या गठ्ठ्यातल्या बाकी कुठल्याही बिलापेक्षा जास्त त्या एका पावतीमुळे झालं.

माझी पीएचडी मोडी लिपीतल्या जुन्या कागदांवर. पुण्यात पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवेकालीन कागदांच्या संग्रहात बसायचं, रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा मागवायचा, तो सोडून एकेक कागद लावायचा. हे घरी होत नाही, रात्री होत नाही, ऑफिसच्या वेळेतच होतं, आणि लेकीला मांडीवर घेऊन तर अजिबातच होत नाही. सकाळी तिला सोडते तेव्हा डब्यात मऊ भात, एक केळं, दुपट्याच्या जोडीला कपडे, आणि काकू दाराशीच विचारतात “आज किती वाजता गं?” आणि मी साडेपाच सांगते, स्वारगेटपाशी बस अडकली की सहा होतात, आणि मग ते ५० रुपये लागतात. काकूंची काही चूक नाही हो, त्यांच्याकडे अकरा मुलं आणि एकच मदतनीस आहे. फेलोशिप तीन महिने आली नाही तेव्हा त्याच म्हणाल्या, “दे सावकाश, पोर आधी आणत जा.” म्हणजे त्या तीन महिन्यांत माझ्या पीएचडीला पैसे पुरवले ते एका पाळणाघरवाल्या बाईने, हे मला विसरता येत नाही.

आता हिशोब बघा. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जेआरएफ ही सुरुवातीची संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, पुढच्या टप्प्यावर एसआरएफ ४२,०००. रक्कम वाईट नाही, मिळते त्यांच्यासाठी. आमच्या डिपार्टमेंटमध्ये निम्म्याहून जास्त जणांना कसलीच फेलोशिप नाही, त्यातल्या दोघी आया आहेत, त्यांचं काय चालत असेल ते त्याच जाणोत. मानव्यशास्त्रांना कंटिन्जन्सी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००. आणि पाळणाघर वर्षाला १ लाख ८ हजार. वर घरी काय होतं, तर ही फी आपसूक माझ्या फेलोशिपमधून वजा होते. नवऱ्याच्या पेट्रोलचा खर्च घरखर्चात जातो, पाळणाघर मात्र ‘तुझ्या पीएचडीचा खर्च’. कोणी वाईट हेतूने म्हणत नाही, सासूबाई तर खूप करतात माझ्यासाठी, पण बोलताना वाक्य तसंच येतं, “एवढे पैसे घालवायचे तर वर्षभर थांबली असतीस.” आणि मग अशा थांबलेल्या किती जणी परत येतात? माझ्या बरोबरीच्या दोघी नाही आल्या.

नियमांत काहीच नाही असंही नाही. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांपासून पीएचडी करणाऱ्या बाईला अख्ख्या कालावधीत मिळून २४० दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, २०२२ च्या नियमांतही ती राहिली, शिवाय थिसिस द्यायला दोन वर्षं जास्तीची सवलत मिळू शकते. १४ डिसेंबर २०२१ ला यूजीसीने कुलगुरूंना पत्र लिहून बीए-एमएच्या मुलींसाठीही रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करा असं कळवलं. हे सगळं चांगलंच आहे आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी डिपार्टमेंटमध्ये हे पत्र दाखवून मागा. मी रजा पूर्ण घेतली. पण २४० दिवस म्हणजे आठ महिने, आणि आठ महिन्यांचं बाळ नुकतं रांगायला लागलेलं असतं, खरा प्रश्न तर तिथून सुरू होतो. नियम वेळ देतात, पैसा कुणीच देत नाही, आणि जास्तीची दोन वर्षं फेलोशिपशिवाय काढायची तर त्या दोन वर्षांचंही पाळणाघर आहेच की.

नोकरी करणाऱ्या बायकांसाठी २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं असा कायदा झाला. आम्ही विद्यार्थिनी, कर्मचारी नाही, त्यामुळे त्या मोजणीत येत नाही. एका संस्थेत मी चौकशीला गेले होते, कॅम्पसवर छान पाळणाघर आहे, भिंतीवर हत्ती-माकडं रंगवलेली, बाहेर छोटी घसरगुंडी. खिडकीवरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं, “मॅडम, स्टाफसाठी आहे, जागा उरली तर बघू.” दीड वर्ष झालं, जागा उरली नाही. सरकारची पाळणा योजना आहे, महिलांसाठीच्या मिशन शक्तीमधली, अंगणवाडीला जोडून दिवसाला साडेसात तास चालणारी पाळणाघरं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. कल्पना अगदी बरोबर आहे, माझ्या वाटेवर तसं एक असतं तर मी उद्याच पोरीला तिथे घातलं असतं.

माझी मावसबहीण लहानपणीच आईबाबांबरोबर इंग्लंडला गेली, तिथलीच नागरिक आहे, दोन मुलं झाल्यावर आता नर्सिंगची डिग्री करतेय. तिला चाइल्डकेअर ग्रँट मिळतो. पूर्णवेळ अंडरग्रॅज्युएट विद्यार्थी, घरचं उत्पन्न कमी, मूल १५ वर्षांच्या आतलं, तर पाळणाघराच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पण त्याला आठवड्याची कमाल मर्यादा आहे, २०२५-२६ ला एका मुलासाठी १९९.६२ पौंड आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ३४२.२४ पौंड. परत फेडायचा नाही. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की पैसे एका वेगळ्या ऑनलाइन खात्यात जातात, पाळणाघर तिथून मागणी करतं, बहीण ती मंजूर करते आणि पैसे परस्पर पाळणाघराला पोचतात. म्हणजे घरातल्या हिशोबात ते मिसळतच नाहीत, कुणी म्हणू शकत नाही की तुझ्या शिक्षणापायी घरचा पैसा गेला. नर्सिंगवाल्यांना वर एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, मुलांसाठी वर्षाला २,००० पौंड वेगळे. आता इथून स्टुडंट व्हिसावर मुलांना घेऊन जायचा विचार करताय त्यांनी मात्र नीट ऐका, हा ग्रँट व्हिसावाल्यांना नाही, आणि तिथल्या पीएचडीवाल्यांनाही नाही. तिकडे सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचंच नाही. जर्मनीत बाफ्योग हे सरकारी शिक्षणसाहाय्य घेणाऱ्या विद्यार्थी-पालकांना १४ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे महिना १६० युरो जास्तीचे मिळतात, तेही न फेडायचे. रक्कम मोठी नाही, पण हेड आहे.

आणि मला तेच हवंय, हेड. आपल्या फेलोशिपमध्ये एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता आहे, कारण संशोधन करायचं तर माणसाने कुठेतरी राहायला हवं. दिव्यांग संशोधकांसाठी एस्कॉर्ट-रीडर असिस्टन्स आहे, कारण सोबतीला माणूस असल्याशिवाय काम होत नाही हे यूजीसीने मान्य केलंय, आणि अगदी योग्य केलंय. मग लहान मूल असलेल्या संशोधकाचं, आई असो की बाप, पाळणाघराशिवाय काम होत नाही हे मान्य करायला काय अडचण आहे? नोंदणी असलेलं पाळणाघर, महिन्याची पावती, मूल सहा वर्षांचं होईपर्यंत, अर्धी फी धरली तरी चालेल. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर तर लहान मूल असलेल्या कितीतरी जणी गावाकडून एकट्या आल्यात, त्यांच्याजवळ सासूबाईही नाहीत सांभाळायला.

काकूंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या लेकीचे केस विंचरत होत्या. म्हणाल्या, “मग मी पावतीवर शिक्का मारून देत जाऊ का? शिक्का बनवून घेते.” शिक्का बनला, जांभळ्या शाईचा. तोवर मी एक पानी अर्ज लिहिला, आमच्या डिपार्टमेंटमधल्या नऊ जणांनी सह्या केल्यात, त्यात दोन बाप आहेत. सोमवारी आवक विभागात देऊन पोच घेणार आहे. कुणाला त्याचा मसुदा हवा असेल तर मागा, स्वतःचं विद्यापीठ आणि आकडे घालून वापरा.