न धुतलेली चादर

वरच्या फळीवरून तंबूची पिशवी खाली आली, की आमचा कुत्रा भुऱ्या पलंगाखालून बाहेर येतो आणि खोलीच्या मधोमध, मला जिथे सामान मांडायचं असतं नेमका तिथेच, पसरतो. मग उरलेली बॅग त्याच्याभोवतीच भरावी लागते. शेपटीखालून दोरी ओढून काढावी लागते, ती वेगळीच.

दोन रात्रींचा मुक्काम. माझं सगळं एका पाठपिशवीत बसतं, त्याचं बसत नाही. जन्मतःच अंगात कोट नि पायांत वहाणा घालून आलेल्या प्राण्याला एवढं सामान लागतं कशाला, असं घरचे दर वेळी विचारतात. खरं सांगायचं तर यातलं निम्मं सामान त्याचं नाहीच, माझ्या काळजीचं आहे.

पाण्याचंच घ्या. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं. भुऱ्या 20 किलोचा, म्हणजे घरी लोळत पडला तरी लिटरभर. रानात उंडारणार म्हणून मी दुप्पट धरते. 'वाटेत तळं आहे की,' असं म्हणणारे भेटतात. पण साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींची लघवी मिसळलेली असली, तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हे मी भुऱ्याला समजावून सांगितलंय. त्याला डबक्याचंच पाणी गोड लागतं. त्यामुळे डबकं दिसलं की त्याच्याआधी वाडगा घेऊन पळणं, हा माझा व्यायाम.

खाणं नेहमीचंच, फक्त एका दिवसाचं जास्त. नवीन पाकीट रानात फोडू नये. पोट बिघडलं तर रात्रीतून चार वेळा तंबूची चेन उघडावी लागते आणि ती नेमकी तेव्हाच अडकते. घट्ट झाकणाचा डबा मात्र त्याच्या नव्हे, माझ्या खाऊला हवा. चालताना तोंडात टाकायला आपण हौसेने नेतो ते चॉकलेट नि मनुका कुत्र्याला विषारी. कांदाही तसाच. आणि ताप-अंगदुखीच्या आपल्या गोळ्या आपल्यापाशीच ठेवाव्यात. त्याच्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं तेवढंच घ्यावं.

मग चिमटा. गवतातून हिंडून आलं की कानांमागे, बोटांच्या बेचक्यात, काखेत गोचीड शोधायची. सापडली तर तेल ओतणं, काडीचा चटका देणं असले उद्योग करायचे नाहीत. कातडीलगत पकडून, न पिळता, सरळ वर ओढायची. गेल्या खेपेला भुऱ्याच्या अंगावर एकही मिळाली नाही. मिळाली ती माझ्या पोटरीवर. त्याच्याच चिमट्याने ती काढताना तो शेजारी बसून फार गंभीरपणे बघत होता.

पट्टा, अंधारात गळ्यात लुकलुकणारा दिवा, लसीकरणाचं कार्ड, विष्ठेसाठी पिशव्या. पंजे पुसायला जुना टॉवेल, नखांनी तंबूचा तळ फाटू नये म्हणून जाड सतरंजी. गळ्यातल्या बिल्ल्यावर माझा फोन नंबर होताच. पण भुऱ्या हरवलाच तर त्याला शोधत मीही त्याच रानात असणार, आणि तिथे फोनला रेंज कुठली? ही अक्कल मला दोन सहलींनंतर सुचली. आता बिल्ल्यावर घरच्यांचाही नंबर आहे.

राहिली चादर. पहिल्या खेपेला मी यादीतली एकूण एक वस्तू घेतली होती. बाहेर जायचं म्हणून त्याची जुनी चादरसुद्धा स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून घेतली होती. रात्री तंबूत त्याने ती हुंगली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा हुंगली. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, त्याच्या नाकात 30 कोटींपर्यंत असतात म्हणे. त्या सगळ्यांना मिळून तिथे फक्त साबण सापडला. घराचा वास मीच पिळून मोरीत सोडून दिला होता. मग गोल गोल फिरणं, बसणं, उठणं, बाहेर पान हललं तरी गुरगुरणं. पहाटे कधीतरी तंबूच्या कोपऱ्यात, मी दिवसभर घातलेल्या पायमोज्यांवर नाक ठेवून तो झोपला. त्या मोज्यांजवळ मला स्वतःला जाववत नव्हतं.

तेव्हापासून निघण्याआधी पंधरा दिवस चादरीला पाणी लावायचं नाही, असा नियम आहे. काल ती मशीनमध्ये जाता जाता वाचली. कुणीतरी भल्या मनाने आत टाकली होती. बटण दाबायच्या आत मी ओढून काढली. भुऱ्याने येऊन हुंगून खात्री करून घेतली. मग मी ती एका पिशवीत कोंबून वर घट्ट गाठ मारली. माझ्या कपड्यांना वास लागू नये म्हणून गाठ मारली, असं घरच्यांना वाटलं. मला धास्ती होती ती त्या धुतलेल्या कपड्यांचीच. त्यांचा साबणाचा वास चादरीला लागला असता तर?