चारही बाजूंनी हिरोशिमा, मध्ये फुचू

हिरोशिमाला गेलेले बहुतेक लोक पीस पार्क आणि मियाजिमा बघून परत फिरतात, पण हिरोशिमा स्टेशनवरून लोकल पकडून दुसऱ्याच स्टेशनला, मुकाइनादाला उतरलं की थोडंसं चालून आपण चक्क शहराच्या हद्दीबाहेर जातो. आणि बाहेर तरी कसं म्हणायचं, कारण चहूकडे हिरोशिमाच आहे, मध्ये हे फुचू-चो, म्हणजे फुचू टाउन! स्वतःचा निवडून आलेला नगराध्यक्ष, स्वतःची कौन्सिल, पत्त्यात अजूनही आकी-गुन हा जुना तालुका. मी हद्द कुठे दिसते का बघत चाललो होतो, काही नाही, तोच रस्ता, तशीच घरं, तशाच विजेच्या तारा.

हिरोशिमाने १९७० च्या दशकात हद्दवाढ करत शेजारची टाउन्स एकेक करून सामावून घेतली आणि १९८० मध्ये मोठ्या शहरांचा खास दर्जा मिळवला. फुचू मात्र गेलं नाही. मला तर कारण उघड वाटतं, माझदा या कार कंपनीचं हेडऑफिस याच हद्दीत आहे, कंपनी १९३१ पासून इथेच, एवढा टॅक्स देणारी कंपनी घरात असताना कोण कशाला विलीन होईल?

माझदाच्या म्युझियमची टूर हेडऑफिसमधूनच सुरू होते, बस कंपनीच्या स्वतःच्या पुलावरून नदीपलीकडच्या कारखान्यात नेते. तिथे १९९१ ला ल मां ही फ्रान्समधली २४ तासांची कार रेस जिंकलेली माझदाची हिरवी-केशरी रेसिंग कार ७८७बी अगदी जवळून बघायला मिळते, मी तिथून हलतच नव्हतो. पुढे असेंब्ली लाइनवर वेगवेगळी मॉडेल्स एकामागोमाग एकाच पट्ट्यावरून सरकत येतात, तेही बघत राहावं असंच.

आता खरी गंमत लोकसंख्येची. जपानमध्ये शहर व्हायला साधारण ५० हजार लोक लागतात. २०२० च्या जनगणनेत फुचूत ५१ हजारांवर लोक होते, म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं टाउन, तरी ते टाउनच. उलट होक्काइदोचं उताशिनाई, खाणी बंद पडल्या, लोक गेले, तीन हजारही उरले नाहीत, पण ते शहर, कारण एकदा मिळालेला दर्जा माणसं कमी झाली म्हणून आपोआप जात नाही. मला फुचूचा हा हट्ट मनापासून आवडला.

जाणार असाल तर टूरचं बुकिंग आधी करा, आणि मॅपवर नीट बघा, याच प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे प्रांतात, पूर्वेला फुचू नावाचं शहरही आहे, या टाउनपेक्षा कमी वस्तीचं, तिकडे जाऊन पोचाल.